कस्टम हाउसमधून निघालेलं यंत्र

केरळातल्या परूर विधानसभा मतदारसंघात १९ मे १९८२ रोजी मतदान झालं. चौऱ्याऐंशीपैकी पन्नास केंद्रांवर लोकांनी मतपत्रिकेवर शिक्का न मारता बटण दाबलं. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने, म्हणजे ईसीआयएलने, बनवलेलं मतदान यंत्र खऱ्या निवडणुकीत पहिल्यांदा उतरलं होतं. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार सिवन पिल्लै यांचा या यंत्राला विरोध होता. मतदानाआधीच ते उच्च न्यायालयात गेले आणि तिथे त्यांची डाळ शिजली नाही. निकाल लागला तेव्हा मात्र पिल्लैच १२३ मतांनी निवडून आले होते! मग काँग्रेसचे पराभूत उमेदवार ए. सी. जोस यांना यंत्राचं वावडं झालं. ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पिल्लै यंत्राच्या बाजूने उभे राहिले. मार्च १९८४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: कायद्यात मतदान यंत्राची तरतूदच नाही, तेव्हा निवडणूक आयोगाला स्वतःच्या अधिकारात ते आणता येणार नाही. त्या पन्नास केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झालं आणि जोस निवडून आले.

भारतातल्या ईव्हीएमच्या वादाची सगळी कुंडली या एका जागेच्या गोष्टीत आहे. जिंकला तो यंत्राचा, हरला तो कागदाचा. पुढच्या चाळीस वर्षांत पक्ष बदलले, भूमिका हातोहात फिरल्या, पण हा नियम फारसा कुणी मोडला नाही. आणि या गदारोळात एक साधा प्रश्न कायम बाजूला पडत राहिला. यंत्रात फेरफार करता येतो का, यावर तज्ज्ञांनी भांडावं. पण झालेला नाही, हे मत देणाऱ्याला कसं कळावं? तो प्रश्न ज्यांनी गंभीरपणे विचारला त्यांचं काय झालं, ती हकिगत मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका सरकारी गोदामापासून सुरू होते.

तिथे पोचण्याआधी मधली वर्षं भरभर ओलांडू. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातलं आणि यंत्राला कायद्याचं बळ मिळालं. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या सोळा विधानसभा जागांवर यंत्रं पुन्हा आली. २००४ च्या लोकसभेला सगळ्या ५४३ मतदारसंघांत दहा लाखांवर यंत्रं लागली. लोकांनी त्यांचं स्वागतच केलं, आणि का करू नये? मतपत्रिकेचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना बूथ बळकावणं काय असतं ते ठाऊक आहे. गुंडांनी केंद्रात शिरायचं, कर्मचाऱ्यांना कोपऱ्यात बसवायचं आणि गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबायचे. यंत्र एका मिनिटात पाचाहून अधिक मतं घेत नसे. त्यामुळे बळकावलेल्या केंद्रावरही लुटीचा वेग आपोआप मंदावत असे. शिक्का दोन रेघांच्या मधोमध पडला म्हणून बाद होणारी मतं संपली. रात्र-रात्र चालणारी मोजणी दुपारच्या जेवणाआधी आटपू लागली. यंत्राच्या बाजूने बोलताना हे सगळं मोजलं पाहिजे. कागदाच्या जमान्याबद्दल गहिवरून बोलणारे पुष्कळदा हे विसरतात.

२००९ च्या लोकसभेत भाजप हरला आणि लालकृष्ण अडवाणी यांनी मतपत्रिकेकडे परतण्याची भाषा केली. पक्षाचे निवडणूक-विश्लेषक जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी यंत्रांवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि त्याला अडवाणींची प्रस्तावना होती. सुब्रमण्यम स्वामी न्यायालयात गेले. सत्तेतल्या काँग्रेसला तेव्हा यंत्रात काहीही वावगं दिसत नव्हतं.

पण या राजकीय कोलाहलाला समांतर आणखी एक गोष्ट चालू होती. तिच्यातली माणसं कोणत्याही निवडणुकीत हरलेली नव्हती. हैदराबादच्या नेटइंडिया या कंपनीचे प्रमुख हरी प्रसाद हे अभियंता. ३ सप्टेंबर २००९ रोजी ते आणि त्यांचे सहकारी दिल्लीत निवडणूक आयोगासमोर गेले. यंत्रात फेरफार करून दाखवा, असं आमंत्रण आयोगानेच दिलं होतं. यंत्र समोर आलं, तपासणी सुरू झाली आणि मध्येच थांबवण्यात आली. यंत्र उघडून पाहणं हा ईसीआयएलच्या बौद्धिक संपदेचा भंग ठरेल, असं कारण पुढे आलं. कुलूप तोडून दाखवा म्हणायचं आणि कुलपाला हात लावू द्यायचा नाही, असा तो प्रकार होता. मग ‘कुणालाही फेरफार करून दाखवता आला नाही’ हे वाक्य आयोगाच्या बाजूने वर्षानुवर्षं म्हटलं जाऊ लागलं.

फेब्रुवारी २०१० मध्ये एक यंत्र हरी प्रसादांच्या हाती आलं. देणाऱ्याने आपलं नाव गुप्त ठेवण्याची अट घातली होती आणि ती त्यांनी पाळली. त्यांच्या जोडीला दोन परदेशी तज्ज्ञ होते. एक मिशिगन विद्यापीठातले जे. ॲलेक्स हाल्डरमन. अमेरिकेतल्या मतदान यंत्रांच्या सुरक्षेवर त्यांचं आधीपासून काम होतं. दुसरा रॉप खोंग्रैप हा ॲमस्टरडॅमचा नामांकित हॅकर. त्याची ख्याती थोडी सांगायलाच हवी. नेदरलँड्समध्ये नेडॅप कंपनीची यंत्रं वापरात होती. हे यंत्र मतं मोजण्यासाठीच बनलंय, ते दुसरं काही करूच शकत नाही, असा दावा केला जाई. ते बुद्धिबळ खेळताना मला बघायचंच आहे, असं बनवणाऱ्यांपैकी एकाने थट्टेने म्हटलं होतं. २००६ मध्ये खोंग्रैप आणि त्याच्या मित्रांनी एक नेडॅप यंत्र मिळवलं, त्यातला प्रोग्राम बदलला आणि त्याला खरोखरच बुद्धिबळ खेळायला लावलं. दोन वर्षांत डच सरकार कागदावर परतलं. जर्मनीतही नेडॅपचीच यंत्रं होती. तिथल्या संविधान न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी दिलेल्या निकालात फेरफार झाल्याचा पुरावा मागितलाच नाही. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, एवढी एकच कसोटी न्यायालयाने लावली, आणि यंत्रं तीत नापास झाली. आपल्याकडे पंधराव्या लोकसभेचं मतदान सुरू व्हायला तेव्हा जेमतेम सहा आठवडे होते. त्या निकालाची आपल्याकडे फारशी वाच्यता झाली नाही.

हैदराबादेत उघडलं गेलेलं यंत्र आपण सगळ्यांनी केंद्रावर पाहिलेलं तेच. मतदाराच्या हाताखाली बॅलट युनिट, केंद्राध्यक्षाच्या टेबलावर कंट्रोल युनिट आणि दोहोंच्या मध्ये पाच मीटरची केबल. आत एक साधा मायक्रोकंट्रोलर. मतं साठवणाऱ्या दोन चिप. निकाल दाखवणारे लाल आकडे, जुन्या डिजिटल घड्याळातल्यासारखे. झाकणांवर दोरा, लाख आणि सह्या केलेल्या कागदी पट्ट्या. मोहरबंद पाकिटाला जी सुरक्षा असते तीच इथे होती. मुख्य चिपमधला प्रोग्राम कारखान्यातच कायमचा कोरला जातो आणि तो बाहेर काढून वाचता येत नाही. आयोगाच्या मते ही त्याची ताकद होती. संशोधकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. वाचता येत नाही म्हणजे चोराला येत नाही हे खरं, पण मग आत जे आहे ते ठरल्याप्रमाणेच आहे हे आयोगालाही कसं तपासता येणार?

त्यांनी दोन करामती करून दाखवल्या. पहिलीत त्यांनी निकाल दाखवणाऱ्या आकड्यांचा बोर्ड काढून हुबेहूब तसाच दुसरा बसवला. त्याच्या आकड्यांखाली एक छोटी चिप आणि ब्लूटूथ दडवलेलं होतं. मोजणीच्या वेळी कंट्रोल युनिट खरीच बेरीज पाठवायचं, पण बोर्ड मात्र मोबाइलवरून ज्याचं नाव सुचवलं असेल त्याच्या पदरात बाकीच्यांची काही मतं टाकून मगच आकडे दाखवायचा. मतदान चोख, मोजणी चोख, फक्त वाचून दाखवणारा खोटारडा. दुसरी करामत त्याहून सुटसुटीत होती. खिशात मावेल असं क्लिपसारखं उपकरण झाकण उघडून मतं साठवणाऱ्या चिपवर लावायचं, त्यावरची चकती फिरवून उमेदवाराचा क्रमांक निवडायचा आणि साठलेली मतं बदलून मोकळं व्हायचं.

आयोगाचा एक युक्तिवाद वजनदार होता. उमेदवारांचा क्रम अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय ठरत नाही. मग कारखान्यात बसून आधीच कुणाच्या बाजूने फेरफार कसा करणार? ब्लूटूथची करामत त्यालाच उत्तर म्हणून होती. आधी काही ठरवायची गरजच नव्हती, क्रमांक नंतर कळवला तरी चालत होतं. आयोगाचं दुसरं उत्तर असं की हे सगळं करायला यंत्र हातात यावं लागतं, झाकण उघडावं लागतं, सील तोडावं लागतं. देशभर तेरा लाखांच्या वर यंत्रं पसरलेली. ती मधूनच इकडची तिकडे केली जातात, पोलिंग एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो, स्ट्राँगरूमबाहेर पहारा असतो. इतक्या सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ कोण फेकणार? हे उत्तर मला पोकळ वाटत नाही. एका टेबलावरची करामत आणि देशाची निवडणूक यांत फार अंतर आहे. पण तसं असेल तर यंत्र अभेद्य आहे असं न म्हणता ‘आमचा पहारा चोख आहे’ एवढंच म्हणायला हवं होतं. आयोग पहिलंच म्हणत राहिला.

आयोगाच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष पी. व्ही. इंदिरेसन हे आयआयटीत आयुष्य काढलेले मोठे प्राध्यापक. यंत्राच्या सचोटीवर शंका घेणं म्हणजे सीतेकडे अग्निपरीक्षा मागणं, अशा अर्थाचं ते बोलून गेले. दाखला चुकीचा पडला. सीतेची अग्निपरीक्षा निदान सगळ्यांच्या देखत तरी झाली होती.

शोधनिबंध एप्रिल २०१० च्या शेवटी जाहीर झाला, सोबत करामती दाखवणारी चित्रफीत होती. आठ लेखकांची नावं, त्यांतले बहुतेक हैदराबाद आणि मिशिगनचे. इंटरनेटवर त्यावर जो खल झाला, त्यात पुढच्या पंधरा वर्षांच्या भांडणाचा साचा तयार झाला. एका बाजूला ‘पहा, निवडणूक चोरली’ म्हणणारे. निबंधात तसा दावा कुठेही नव्हता. कोणती निवडणूक चोरली गेली याबद्दल लेखकांनी अवाक्षर काढलेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला ‘परदेशी लोक आपल्या लोकशाहीची बदनामी करताहेत’ म्हणणारे. निबंधातल्या करामतींना त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून माणसांची जात-गोत-देश काढला जात होता. संगणक-सुरक्षेतला माणूस ‘हे शक्य आहे’ म्हणाला की राजकारणातल्या माणसाच्या कानावर ‘हे झालं आहे’ असंच पडतं. मग प्रतिपक्ष ‘हे झालेलं नाही’ असं ओरडतो आणि आपण ‘हे शक्यच नाही’ हे सिद्ध केलं अशा समजुतीत घरी जातो. दोघंही एकमेकांशी बोलतच नसतात.

आता कस्टम हाउस. मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय फोर्टमधल्या ओल्ड कस्टम हाउसच्या दगडी इमारतीत आहे. निवडणुका नसत तेव्हा यंत्रं तिथल्या गोदामात पडून असत. हैदराबादेत उघडलं गेलेलं यंत्र याच गोदामातलं, असं सरकारी यंत्रणेच्या लक्षात आलं, मे महिन्यात तक्रार झाली आणि चोरीचा गुन्हा दाखल झाला. थोडं थांबून हे वाचावं. यंत्रं इतक्या बंदोबस्तात असतात की त्यांना कुणी हात लावूच शकत नाही, हा आयोगाच्या बचावाचा कणा. आणि त्यातलंच एक यंत्र गोदामातून निघून सातशे किलोमीटरवर पोचलं होतं. चित्रफीत दाखवली गेली नसती तर ते नाहीसं झाल्याचं कळलं तरी असतं का?

शनिवार, २१ ऑगस्ट २०१० च्या पहाटे पोलीस हरी प्रसादांच्या हैदराबादच्या घरी पोचले. यंत्र कुणी दिलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हरी प्रसादांनी नाव सांगितलं नाही. पोलिसांनी त्यांना गाडीत घालून मुंबईचा रस्ता धरला. चौदा तासांच्या त्या प्रवासात गाडीतूनच त्यांचं हाल्डरमनशी फोनवर बोलणं झालं. हाल्डरमनने ते ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकलं आणि जगभरच्या संगणक-सुरक्षेच्या वर्तुळात अटकेची बातमी पोलीस मुंबईत पोचायच्या आत पसरली. हैदराबादहून मुंबईकडे निघालेल्या पोलीस गाडीतला आरोपी मिशिगनच्या प्राध्यापकाशी बोलतोय आणि ते बोलणं जगभर ऐकलं जातंय! २०१० साली हे नवलच होतं.

कोठडीत आठवडा गेला. जामिनाच्या सुनावणीत दंडाधिकाऱ्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा: यंत्र चोरीचं आहे असं धरून चालू, तरी या माणसाचा हेतू अप्रामाणिक दिसत नाही. यंत्रात फेरफार होऊ शकतो हे तो दाखवत होता. आणि तसं होऊ शकत असेल तर त्याने देशाची मोठीच सेवा केली आहे. २८ ऑगस्टला ते सुटले. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्याच वर्षी त्यांना पुरस्कार दिला. मुंबईतला खटला मात्र त्यांच्या मागे राहिलाच. गोदामातून यंत्र बाहेर कसं पडलं, हा मला यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्याच्यावर जेवढी शाई खर्च व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

डिसेंबरात हाल्डरमन आणि खोंग्रैप एका परिषदेसाठी गांधीनगरला यायला निघाले. दिल्ली विमानतळावर त्यांना अडवण्यात आलं, परत पाठवण्याची भाषा झाली, बरीच ताटकळ झाल्यावर देशात येऊ दिलं. यंत्र अभेद्य आहे याची खात्री असलेल्या व्यवस्थेचं हे वागणं नव्हतं.

सरळ पाहिलं तर संशोधक हरले. पण ४ ऑक्टोबर २०१० रोजी आयोगाने सर्वपक्षीय बैठक घेतली आणि मतदाराला दिसेल अशा कागदी चिठ्ठीवर, म्हणजे व्हीव्हीपॅटवर, विचार करण्याचं ठरलं. जुलै २०११ मध्ये लडाख, चेरापुंजी, जैसलमेर, तिरुवनंतपुरम आणि पूर्व दिल्ली अशा पाच टोकांच्या हवामानांत चाचण्या झाल्या. ४ सप्टेंबर २०१३ रोजी नागालँडमधल्या नोकसेन पोटनिवडणुकीत चिठ्ठी पहिल्यांदा पडली. महिन्याभरात, ८ ऑक्टोबरला, सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा ही निष्पक्ष निवडणुकीची अपरिहार्य गरज ठरवली. ज्यांना पहाटे उचललं त्यांचा मुद्दा तीन वर्षांत कायद्याच्या पुस्तकात गेला. श्रेय द्यायला तेवढं कुणी पुढे आलं नाही.

आणि मग २०१४ आलं, सरकार बदललं आणि अख्खा तमाशा उलटा सुरू झाला. २०१७ मध्ये उत्तर प्रदेश हरल्यावर मायावतींनी यंत्राकडे बोट दाखवलं. मे महिन्यात आम आदमी पक्षाच्या सौरभ भारद्वाज यांनी दिल्ली विधानसभेत यंत्रासारखंच दिसणारं एक यंत्र आणून फेरफार करून दाखवला, आणि ते खरं ईव्हीएम नव्हेच, असं आयोगाने सुनावलं. आयोगाने आव्हान दिलं: ३ जूनला या आणि आमच्या यंत्रावर करून दाखवा. आले दोनच पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट आणि राष्ट्रवादी काँग्रेस. दोघांनीही सांगितलं की आम्ही फक्त समजून घ्यायला आलोय. इतकी राणा भीमदेवी भाषणं ठोकून झाल्यावर प्रत्यक्ष आखाड्यात कुणी उतरलंच नाही. अर्थात आखाड्याचे नियमही असे होते की यंत्र आतून उघडून त्यात काही बदलायला मनाई होती. २००९ चा कित्ता पुन्हा गिरवला गेला.

महाराष्ट्राला चिठ्ठीच्या यंत्राचा पहिला चटका भंडारा-गोंदियात बसला, आणि चटका हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. २८ मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत विदर्भाच्या उन्हात व्हीव्हीपॅट धडाधड बंद पडले. ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. हॅकरचा शोध घेणाऱ्यांनी या प्रकाराकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण त्यात खलनायक सापडत नव्हता. पुढच्या वर्षी जानेवारीत लंडनमध्ये एका पत्रकार परिषदेत चेहरा झाकून व्हिडिओवर आलेल्या एका माणसाने २०१४ ची निवडणूक चोरल्याचे सनसनाटी दावे केले आणि पुरावा म्हणून काहीही दिलं नाही. हरी प्रसादांच्या निबंधाला जितकी प्रसिद्धी कधी मिळाली नाही तितकी या गृहस्थांना एका संध्याकाळीत मिळाली. खऱ्या शंकेचं सगळ्यात मोठं नुकसान अशा लोकांनी केलं.

एप्रिल २०१९ मध्ये चंद्राबाबू नायडू यंत्रांच्या तक्रारी घेऊन निवडणूक आयोगाकडे गेले. सोबत तांत्रिक जाणकार म्हणून हरी प्रसाद होते. आयोगाने तेलुगू देसमला पत्र पाठवलं: या गृहस्थांवर यंत्रचोरीचा गुन्हा आहे, त्यांना वगळून दुसऱ्या जाणकाराला पाठवा. नऊ वर्षं झाली होती, त्यांचा मुद्दा मान्य होऊन प्रत्येक केंद्रावर चिठ्ठीचं यंत्र बसलेलं होतं, आणि ते मात्र अजून चोरच होते. नायडू पुढे २०२४ मध्ये आंध्र जिंकले, केंद्रातल्या सरकारचा मोठा आधार बनले, आणि मग यंत्रांवरचं त्यांचं बोलणं अर्थातच थांबलं.

२०१९ च्याच सुमारास वादाला एक नवं तांत्रिक वळण लागलं आणि ते आणलं प्रशासनातल्याच एका माणसाने. आयएएसचा राजीनामा दिलेले कन्नन गोपीनाथन यांनी समाजमाध्यमांवर मांडलं की व्हीव्हीपॅट हे बॅलट युनिट आणि कंट्रोल युनिटच्या मध्ये जोडलं जातं, आणि त्यात उमेदवारांची नावं-चिन्हं बाहेरून भरावी लागतात. म्हणजे यंत्राला उमेदवारांचा क्रम माहीत नसतो, हा जुना भक्कम बचाव चिठ्ठीच्या यंत्राने स्वतःच मोडीत काढला. त्यांचं म्हणणं पटो न पटो, वाद कसा घालावा याचा तो चांगला नमुना होता: वायर कुठून कुठे जाते ते सांगा, मग बोलू. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. पण चिन्हं भरणारं उपकरण निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवण्याचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची चिप तपासून मागता येण्याचा आदेश दिला. याचा अर्थ, चिन्हं भरण्याच्या मुद्द्यात काही तथ्य आहे हे न्यायालयाने दाराआडून का होईना मान्य केलं.

त्या जूनमध्ये मुंबईत जे झालं ते इंटरनेटवरच्या वादाचं अर्कचित्र होतं. मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, अमोल कीर्तिकर हरले. गोरेगावच्या नेस्को मोजणी केंद्रात वायकरांच्या नातेवाइकाकडे मोबाइल सापडला. त्या मोबाइलवरच्या ओटीपीने ईव्हीएम उघडलं, अशी बातमी मुंबईतल्या एका दैनिकाने दिली. योगायोगाने आदल्याच दिवशी इलॉन मस्क यांनी मतदान यंत्रं हद्दपार करा असं लिहिलं होतं आणि माजी केंद्रीय मंत्री राजीव चंद्रशेखर त्यांच्याशी वाद घालत होते. दोन्ही गोष्टींची सांगड बसली आणि देशभर रान पेटलं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी सांगितलं की ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही. मोबाइल लागतो तो मोजणीचे आकडे भरण्याच्या संगणक प्रणालीत शिरायला. दैनिकाने माफी मागितली. तोवर ती बातमी ज्यांच्यापर्यंत पोचायची त्यांच्यापर्यंत पोचली होती. माफी कुणी पुढे पाठवत नाही.

मारकडवाडीची गोष्ट त्याहून वेगळी, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस मतदारसंघात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला उत्तम जानकर निवडून आले. मारकडवाडी जानकरांच्या मागे उभं राहणारं गाव, पण तिथे त्यांना ८४३ आणि भाजपच्या राम सातपुतेंना १००३ मतं दिसली. गावकऱ्यांना हे पटेना. उमेदवार जिंकलाय, गुलाल उधळून झालाय, तरी गाव म्हणालं की आमच्या गावचा आकडा चुकलाय. परूरपासून चालत आलेला नियम मोडणारी माझ्या माहितीतली ही अगदी विरळ जागा. गावाने स्वखर्चाने मतपत्रिका छापल्या आणि ३ डिसेंबरला आपलं आपण फेरमतदान घ्यायचं ठरवलं. कायद्याने त्याला काडीची किंमत नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवसापासूनच जमावबंदी लागली आणि गावात पोलीस उतरले. मतदान सुरू होण्याआधीच गुंडाळावं लागलं, पुढे गुन्हे दाखल झाले. शरद पवार गावात येऊन गेले, सत्ताधाऱ्यांनीही तिथे आपली सभा लावली, आणि एका गावाची शंका दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांत विरघळून गेली. त्या मतपेटीत काय निघालं असतं याला पुरावा म्हणून अर्थ नव्हताच. पोलीस बघ्यांसारखे उभे राहिले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?

आणि यंत्र तपासून मागण्याच्या नव्या हक्काचं काय झालं? २०२४ च्या लोकसभेनंतर देशभरातून आठ उमेदवारांनी अर्ज केले. त्यांत काँग्रेसचे होते तसे भाजपचेही होते. अहमदनगरला नीलेश लंकेंकडून हरलेल्या भाजपच्या सुजय विखे पाटलांनी चाळीस केंद्रांवरची यंत्रं तपासायची मागणी केली. एका केंद्राच्या यंत्रासाठी शुल्क तेव्हा चाळीस हजार रुपये होतं, वर जीएसटी. चाळीस केंद्रांचा हिशेब अठरा लाख ८८ हजारांवर जात होता. मतदाराने मनात आणलं तरी हा दरवाजा त्याच्यासाठी नाही. शिवाय आयोगाने तपासणीची जी पद्धत ठरवली तीत चिपमधला प्रोग्राम न पाहता फक्त पुन्हा एकदा मॉक पोल घ्यायचा होता. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ही तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिलचा निकाल लिहिणारे संजीव खन्ना आता सरन्यायाधीश होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या खंडपीठाने आयोगाला सांगितलं की तपासणीच्या वेळी यंत्रातला मूळ डेटा पुसू नका, त्यावर नवा भरू नका. आणि चाळीस हजार जरा जास्तच होतात, तो आकडा कमी करा.